लूपला गाडी घेताना होमला हिरवा? लेआउटवरचे सिग्नल खरे हवेत की नुसते दिसायला?

कोकणलूप:
बरेच दिवस मनात होतं ते एकदाचं लिहून टाकतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. आपल्याकडच्या मॉडेल रेल्वे लेआउटचे व्हिडिओ बघतो तेव्हा इंजिनावर लोकांनी जीव ओतलेला दिसतो. डब्ल्यूएपी-७ चा पेंटो, शेडचं नाव कुठे लिहितात, डबे आयसीएफ की एलएचबी, यावर रात्ररात्र चर्चा. आणि मग तीच गाडी स्टेशनात शिरताना होमला, म्हणजे आत घेणाऱ्या सिग्नलला, काय दिसतं, तर हिरवा आणि त्याच्याखाली पिवळा एकदम पेटलेले, कारण सिग्नल जर्मन आहे. जर्मनीत त्याचा अर्थ कमी वेगाने पुढे जा, साधारण ताशी ४० किलोमीटरने. आपल्याकडे असा अस्पेक्टच, म्हणजे दिव्यांचा इशाराच, नाही.

त्याहून जास्त खटकतं ते दुसरंच. सिग्नल अगदी भारतीय धाटणीचा, खांबावर नंबराची पाटीसुद्धा, पण सांधा (गाडीचा रूळ बदलणारा) लूपला, म्हणजे मेनच्या बाजूच्या लाइनला, लागलाय आणि सिग्नल हिरवा. आपल्या कलर लाइट पद्धतीत गाडी लूपला घ्यायची तर होमला पिवळा, त्याच्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग म्हणजे रूट इंडिकेटर, आणि मागच्या डिस्टंटला, म्हणजे होमची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलला, दोन पिवळे. होमला हिरवा फक्त मेन लाइनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीला, आणि तोही पुढचे स्टार्टर, अ‍ॅडव्हान्स स्टार्टर (स्टेशनातून बाहेर सोडणारे सिग्नल) ऑफ झालेले, म्हणजे जायला मोकळे, असतील तरच. हे काही गुपित नाही, कुठल्याही स्टेशनाच्या टोकाला अर्धा तास उभं राहिलं की समजतं.

माझं म्हणणं एवढंच की जागा कमी आहे, अंतरं कापा, डबे कमी लावा, सगळं चालेल. पण सांधा एक सांगतोय आणि सिग्नल दुसरंच, हे चालणार नाही. मी कोकण रेल्वेच्या धर्तीवर तीन लाइनचं क्रॉसिंग स्टेशन करतोय, एचओमध्ये, आणि त्यात सिग्नल आधी ठरवले, डोंगर नंतर.

रविवारची_गाडी:
मला हे अजिबात पटलेलं नाही आणि का ते स्पष्ट सांगते. एचओ म्हणजे १:८७. डिस्टंट होमच्या १ किलोमीटर आधी असतो, म्हणजे टेबलावर साडेअकरा मीटर. डबल डिस्टंट असेल तर पहिला २ किलोमीटरवर, म्हणजे २३ मीटर. कोणाच्या घरात आहे एवढी खोली? २४ डब्यांची एलएचबी गाडीच साडेसहा मीटरच्या वर जाते. तुमचं टेबल १६ फुटी असलं तरी पाच मीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे तुमचा डिस्टंट खोट्या जागी, गाडी सहा डब्यांची, लूप अख्ख्या गाडीला पुरत नाही. एवढं सगळं सोडून दिल्यावर माझ्या हिरव्या दिव्यालाच तेवढं चुकीचं का म्हणायचं? माझी मुलगी सिग्नल हिरवा झाला की टाळ्या वाजवते आणि गाडी सोडते. आमच्या घरी तेच सिग्नलचं काम आहे आणि ते तो चोख करतो.

कोकणलूप:
ताई, अंतर कापणं आणि उलटं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टार्टरच्या पुढे १२० मीटरचा ओव्हरलॅप, म्हणजे मोकळा ठेवायचा तुकडा, असतो, एचओत तो १ मीटर ३८ सेंटीमीटर होतो. मी तो ४० सेंटीमीटर धरलाय. लहान झाला, पण आहे, आणि एक गाडी होममधून आत घेताना तेवढा तुकडा मोकळा असल्याशिवाय माझा होम ऑफ होत नाही. म्हणजे नियम तोच, फक्त आकडा छोटा. लूपला हिरवा दिला की नियमच उरत नाही.

आणि याचा अर्थ किती गंभीर असतो ते २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजारच्या अपघातात दिसलं. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा होता आणि सांधा लूपला, जिथे मालगाडी उभी होती. सिग्नलच्या वायरिंगमध्ये काम करताना झालेली चूक, असं चौकशीत निघालं. तेव्हापासून मला लेआउटवर तसा हिरवा बघवत नाही.

रविवारची_गाडी:
ते उदाहरण इथे नको होतं. तिथे माणसं गेली. माझ्या टेबलावर कोणी बसलेलं नाही. खऱ्या रेल्वेत तो नियम जीव वाचवायला आहे, इथे कोणाचा जीव वाचवायचाय? तुम्हाला आवडतं म्हणून करा, त्याचा मला आदरच आहे, पण जो करत नाही त्याचा छंद कमी प्रतीचा असं कृपा करून सुचवू नका. असं बोलल्यानेच नवीन लोक एक इंजिन घेऊन दिवाणखान्यात ठेवतात आणि पुढे काही करतच नाहीत, कारण त्यांना वाटतं आपल्याला हे जमणारच नाही.

कोकणलूप:
कमी प्रतीचा असं मला म्हणायचं नाही, तसं वाटलं असेल तर तो शब्द माझा नाही. बहानगाचा उल्लेख मात्र मी मागे घेणार नाही, कारण तो सिग्नल नेमकं काय वचन देतो ते त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं आणि मॉडेल करताना आपण त्याच यंत्रणेचं मॉडेल करतोय.

एकोणीस_सव्वीस:
तुम्ही दोघंही ज्या रुळांवर उभे राहून भांडताय ते रूळच आधी बघा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागा, १९.२६ येतात. सगळे चालवतात १६.५ वर, म्हणजे १४३५, म्हणजे युरोपचा स्टँडर्ड गेज. समोरून बघा एकदा आपल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाकडे, अंग रुंद आणि चाकं आत ओढलेली. हे दर सेकंदाला दिसतं, सिग्नल चुकला तर क्षणभर चुकतो. ब्रिटनमध्ये ४ मिलिमीटरला १ फूट या स्केलवाल्यांनी हाच वाद घातला आणि १६.५ वर समाधान न मानणाऱ्यांनी १८.२ आणि मग १८.८३ वर स्वतः रूळ टाकले. सिग्नलचं लॉजिक काय, उद्या प्रोग्रॅम बदलला की दुरुस्त. टाकलेले रूळ परत कोण उखडतो? अचूकपणाला कुठून सुरुवात करायची असेल तर खालून करा.

कोकणलूप:
तुमचं गणित बरोबर आहे, पण १९.२६ चे सांधे बाजारात मिळत नाहीत, प्रत्येक सांधा हाताने बांधायचा, प्रत्येक इंजिनाचे धुरे बदलायचे. हे शंभरातल्या एकाला जमेल. सिग्नलची शिस्त सगळ्यांना जमते, १६.५ वाल्यांनाही.

केबिन_नंबर_दोन:
मी सिग्नल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल.

कोकणलूप यांचा मुद्दा मला मान्य आहे पण क्रम मान्य नाही. तुम्ही दिव्यांपासून सुरुवात करताय. आमच्याकडे दिवा सगळ्यात शेवटी येतो. आधी सांधा बरोबर लागला का, पातं पुरतं चिकटलं का, लॉक झालं का, समोरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीचा मार्ग याला कापत नाही ना, पुढचा तुकडा मोकळा आहे ना, हे सगळं जुळलं की मग सिग्नल. त्यामुळे मला जर कोणी एकही दिवा नसलेला पण लिव्हर एकमेकांत बरोबर अडकणारा लेआउट दाखवला तर मी त्याला दिव्यांनी मढवलेल्या लेआउटपेक्षा जास्त मानेन. लाल लिव्हर स्टॉप सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा लॉकचा. काळा ओढून निळा लावल्याशिवाय लाल हलायचाच नाही, माणूस कितीही ताकदीचा असो.

आता बघून बघून खटकलेल्या चुका, कोणाचं नाव घेत नाही. चार दिव्यांच्या सिग्नलला वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा, लाल असा क्रम. दोन पिवळे शेजारी लावू नका, मध्ये हिरवा असतो म्हणून दोन्ही पेटले की लांबून वेगळे दिसतात. डिस्टंटला लाल दिवा नसतोच, तरी लोक तीन रंगांचा तयार सिग्नल आणून त्यालाच डिस्टंट म्हणतात. ५ मिलिमीटरचा एलईडी लावला तर एचओमध्ये तो दिवा जवळजवळ ४४ सेंटीमीटरचा झाला, म्हणजे परात. जुन्या हाताच्या सिग्नलवाल्यांनी वॉर्नर (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा) करताना ब्रिटिश किटमधला पिवळा हात तसाच लावू नये, आपला लोअर क्वाड्रंट (हात खाली पडणारा) वॉर्नर लाल, टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच आणि पांढरा पट्टा. तो स्वतंत्र खांबावर असेल तर रात्री त्याच्यावर एक कायमचा हिरवा दिवा असतो, म्हणजे खाली लाल दिसला तरी ड्रायव्हरला कळतं की हा थांबायचा सिग्नल नाही, वॉर्नर आहे. तो वरचा हिरवा मी आजवर एकाही मॉडेलवर पाहिलेला नाही.

आणि घाटाचे लेआउट. बोरघाटाचा १ला ३७ चा चढ दाखवतात, कॅच सायडिंग पण करतात, छान वाटतं, आणि मग तिथे जास्तीचे डबे उभे करून ठेवतात. ती सायडिंग सुटून आलेली गाडी अडवायला असते. सांधा एरवी तिकडेच लागलेला असतो आणि ती रिकामीच राहिली पाहिजे.

डिस्टंटबद्दल माझं मत कोकणलूप यांच्या उलट आहे. साडेअकरा मीटर जागा नसेल तर डिस्टंट लावूच नका. तो टेबलाच्या बाहेर, मागच्या बोगद्याच्या पलीकडे आहे असं धरा. होमच्या हातभर आधी डिस्टंट रोवला की बघणाऱ्याला वाटतं तो तिथेच असतो.

कोकणलूप:
काका, लिव्हरचा मुद्दा एकदम मान्य. पण डिस्टंट काढला तर दोन पिवळे कुठे दिसणार? गाडी लूपला जाणार हे ड्रायव्हरला सगळ्यात आधी तिथेच कळतं. मला तो क्षण टेबलावर हवाय. मी तो बोगद्याच्या तोंडाशी लावतोय, गाडी बाहेर येते तेव्हा पहिली गोष्ट तीच दिसते.

केबिन_नंबर_दोन:
बोगद्याच्या तोंडाशी असेल आणि गाडीच्या डोळ्याने बघणार असाल तर ठीक. वरून बघणाऱ्याला मात्र तो चुकीचाच दिसेल. माझं मत बदललं नाही.

छोटा_रूळ:
सगळ्यांचं वाचलं. जागेचं एवढं रडगाणं आहे तर लहान प्रोटोटाइप का नाही घेत? मेन लाइनचं जंक्शन निवडायचं आणि मग त्यातलं नव्वद टक्के कापायचं, हे मला कळत नाही. जुनी बार्शी लाइट रेल्वे घ्या, ७६२ मिलिमीटरची, किंवा नेरळ-माथेरान, ६१० ची. छोट्या गाड्या, छोटे फलाट, सिग्नल मोजके. जे आहे ते पूर्ण आणि खरं करता येतं.

एकोणीस_सव्वीस:
हे पटलं. नॅरोगेजला गेजचा प्रश्नही सुटतो, एचओत ७६२ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, ९ चे रूळ तयार मिळतात.

रविवारची_गाडी:
पण माझ्या मुलीला वंदे भारत हवीये, तिला बार्शी लाइट कोण समजावणार :) आपल्याला जी गाडी आवडते ती आधी येते, स्टेशन त्याच्याभोवती बांधायचं. छंद असाच सुरू होतो.

सर्किटवाला:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. सगळे धरून चाललेत की लेआउटला गाडी कुठे आहे ते कळतं. खऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये डब्याच्या चाकांनी दोन रूळ जोडले की रिले पडतो आणि लाल. तार तुटली तरी रिले पडतो आणि लालच. आपण करंट मोजतो, म्हणजे बरोबर उलटं. इंजिन करंट घेतं म्हणून दिसतं, डब्यांची चाकं इन्सुलेटेड, ती दिसतच नाहीत. कपलिंग सुटून मागे दोन डबे राहिले तर सिस्टिमला सेक्शन रिकामा दिसतो. तार तुटली तरी रिकामा. मग त्या सुंदर लॉजिकने दिलेला हिरवा कशावर उभा आहे? ज्यांना खरंच करायचंय त्यांनी निदान प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याच्या धुऱ्यावर १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि त्याच डब्याला मागे एलव्हीची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी. खऱ्या रेल्वेतही मास्तर तीच पाटी बघून ठरवतात ना की गाडी पूर्ण आली.

केबिन_नंबर_दोन:
अगदी बरोबर. आता बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर आलेत, गेलेले आणि आलेले धुरे मोजून जुळवतात. पण एलव्ही बघणं सुटलेलं नाही.

रविवारची_गाडी:
हे सगळं म्हणजे कॉम्प्युटर, आर्डुइनो, प्रोग्रॅमिंग. माझ्याकडे दोन सांधे आणि एक सिग्नल आहे.

सर्किटवाला:
ताई, दोन सांध्यांना कॉम्प्युटर लागतच नाही. सांध्याच्या मोटरला बहुतेक वेळा एक जादा स्विच असतो, पातं इकडे गेलं की एक बाजू जुळते, तिकडे गेलं की दुसरी. नसेल तर साधा स्लाइड स्विच सांध्याच्या दांडीला बांधा. हिरव्या एलईडीची तार त्या स्विचच्या मेन बाजूतून न्या आणि पिवळ्याची लूपच्या बाजूतून. बस. सांधा लूपला असताना हिरवा पेटूच शकत नाही, मुलीने कुठलंही बटण दाबलं तरी.

रविवारची_गाडी:
एवढंच असेल तर करून बघते. सिग्नल मात्र जर्मनच राहील, तो आजोबांनी तिला आणून दिलाय. आणि लूपला गाडी थांबवायची नसेल, नुसती पुढे काढायची असेल, तरी पिवळाच का?

केबिन_नंबर_दोन:
हो, होमला पिवळाच. लूपचा सांधा वळणाचा, १ला १२ असेल तर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, १ला साडेआठ असेल तर १५ ची. पुढे स्टार्टर मिळालेला असला तरी आत शिरताना वेग कमी हवाच. जर्मन सिग्नलला हिरवा आणि पिवळा दोन्ही एकदम पेटतात, त्यातली हिरव्याची तार त्या वेळी तोडून टाका, नुसता पिवळा राहील. आजोबांचा सिग्नल काढायची गरज नाही.