अमेरिकेच्या साउथमधल्या लहान गावात राहिलायत का कधी? अनुभव लिहा

न्यूजर्सीत नऊ वर्षं काढून आम्ही तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी अलाबामातल्या एका लहानशा गावात आलो. मधोमध कोर्टहाऊस, त्याच्याभोवती चौक, एक न्हावी, एक हार्डवेअरचं दुकान, संपलं गाव. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी पेकान पाय (अक्रोडासारख्या पेकानचा गोड पदार्थ, 'पाय' म्हणजे pie) घेऊन दारात हजर आणि दुसराच प्रश्न, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? मी कायतरी पुटपुटले. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करतो, मला आधी वाटायचं गाडीला काहीतरी लोंबतंय म्हणून खुणावतायत. जाम आवडलंय हे गाव, पण अधूनमधून गुदमरायलाही होतं. तुमचं काय? बरं-वाईट दोन्ही लिहा.

*

मी स्टार्कव्हिल, मिसिसिपीला एमएस केलं. गावाची वस्ती पंचवीसेक हजार आणि फुटबॉलचं स्टेडियम साठ हजारांचं, म्हणजे मॅचच्या दिवशी गाव किती फुगत असेल बघा. आणि प्रत्येकाच्या हातात गाईच्या गळ्यातली घंटा! खरंच सांगतोय, काऊबेल, तीच इथली परंपरा. १९७४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या लीगने बंदी घातली होती तरी लोक लपवून न्यायचे, शेवटी २०१० मध्ये ठरावीक वेळीच वाजवायच्या अटीवर परवानगी दिली. आई आली होती तेव्हा तिला मॅचला नेलं, तर म्हणे अरे हा काय पोळा आहे का. पुढच्या रांगेतल्या काकांनी तिला त्यांची घंटा वाजवायला दिली आणि नंतर परत घेईचनात. आता ती नागपूरला आमच्या देवघरात आहे नं.

*

माझं माहेर विक्रोळी, हे आधी सांगते कारण त्याचाच किस्सा आहे. नवरा अमेरिकस, जॉर्जिया इथे नोकरीला, तिथून दहा मैलांवर प्लेन्स, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं गाव, सहाशेसुद्धा वस्ती नाही. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून (अमेरिकन सरकारची परदेशात स्वयंसेवक पाठवणारी संस्था) भारतात आल्या होत्या आणि कुठे राहिल्या, तर आमच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कॉलनीत, नर्स म्हणून! आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं, मला प्लेन्सला गेल्यावर कळलं. २०१८ मध्ये एका रविवारी पहाटे उठून कार्टर यांच्या संडे स्कूलला गेलो, अंधारात रांग, कुत्र्यांकडून तपासणी, मग तासभर ते बायबल शिकवतात आणि नंतर सगळ्यांसोबत फोटो. पण फोटोला जेमतेम दोन सेकंद, बोलत थांबायचं नाही असं आधीच बजावलेलं. विक्रोळी जिभेच्या टोकापर्यंत आलेलं तसंच गिळलं. मग बाहेर दुकानातल्या काकूंना सांगितलं, त्यांनी हाताला धरून दुकानातल्या सगळ्यांना माझी ओळख करून दिली आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. उकडलेल्या शेंगा! परदेशात आल्यासारखं वाटेचना. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा मी तो फोटो काढून बघत बसले होते.

*

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. मी क्लीव्हलंड, मिसिसिपीला दोन वर्षं होतो (ओहायोतलं नव्हे). तिथल्या डेल्टा स्टेट विद्यापीठाचा लाडका, पण अनधिकृत, मॅस्कॉट (शुभंकर) म्हणजे चिडलेली भेंडी, फायटिंग ओक्रा. भारी आहे, टीशर्ट अजून वापरतो. पण याच गावातून जुनी रेल्वेलाईन जायची, तिच्या एका बाजूला काळ्यांची शाळा आणि दुसऱ्या बाजूला मुळातली गोऱ्यांची, आणि शाळा एकत्र करा असा कोर्टाचा आदेश कधी आला माहितेय? २०१६ साली. केस १९६५ ची. मला बघून दोन्ही बाजूचे लोक तितकेच हसून हाऊ यू डूइन म्हणायचे. गावकुसाच्या आत आणि बाहेर हे आपल्याला नवीन आहे का? मी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला, मला तो रूळ बघताक्षणी कळला. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी मिसिसिपी आणि अलाबामात मार्टिन ल्यूथर किंग आणि गुलामी टिकवणाऱ्यांच्या बाजूने लढलेला जनरल ली, दोघांची सुट्टी एकत्र असते. तेव्हा चार्म वगैरे म्हणताना जरा दमानं.

*

वरचं पटलं, तरीही लिहिते. आम्ही साउथ कॅरोलिनात, गावाचं नाव नको. सासरे इथेच आमच्याकडे असताना गेले. आपल्याकडे सुतकात शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात ना, अगदी तसंच, चार दिवस ओळीने कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण) येत होते, प्रत्येक डब्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. आम्ही शाकाहारी म्हणून एकीने मुद्दाम घेवड्याच्या शेंगा आणल्या, त्यात बेकन. म्हटलं अहो यात मांस आहे, तर म्हणाल्या, छे, ते नुसतं चवीपुरतं! हसावं की रडावं कळेना, त्या घरात चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. आणि स्मशानाकडे जाताना समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला घेऊन थांबत होत्या, ट्रकसुद्धा. अनोळखी माणसं. ते मी कधीच विसरणार नाही.

*

कौतुक पुरे. डाळ-तांदूळ आणायला दोन तास ड्राइव्ह, रविवारी दुपारपर्यंत बिअर मिळत नाही, आणि आमच्या गावच्या हॉस्पिटलचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला, बायकोला नवव्या महिन्यात पन्नास मैल घेऊन गेलो. ब्लेस युअर हार्ट म्हणजे दर वेळी आशीर्वाद नसतो, कधी गोड शब्दांतला टोमणा असतो हे कळायला मला दोन वर्षं लागली. म्हणजे दोन वर्षं मी थँक्यू म्हणत होतो.

*

धागाकर्ती: थँक्यूवाले दादा, मीपण म्हटलंय हो!! रुळाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, आमच्या चौकातही गुलामीच्या बाजूने लढलेल्यांचा पुतळा आहे, मी मुलीला तिथून नेताना विषय बदलते, खोटं का बोलू. आता एक आपलं फालतू विचारायचंय. त्या पायची काचेची थाळी तीन वर्षं माझ्याकडेच पडून आहे, लाजच वाटते. रिकामी कशी देणार? नारळाच्या वड्या घालून देऊ का?

*

द्या की, बिनधास्त. चवळीची उसळही चालेल, एक जानेवारीला इकडे चवळी खाणं शुभ मानतात. आमच्या शेजारणीला दिली होती, आता ती दर डिसेंबरात 'गोदा' मसाला आहे का विचारते. फक्त वडीत पेकान घालू नका, आजींच्या अंगणात झाडच असेल.