एक्सेलमध्ये आलेखाचे अ‍ॅड-इन बसवले, पण दुसऱ्या दिवशी टॅब गायब

प्रश्न : दिंडोरी_बागा

नमस्कार. मी नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षांच्या बागांवर क्षेत्र-अधिकारी म्हणून काम करतो. तोडणीच्या हंगामात आम्ही ४६ प्लॉटमधून मण्यांचे नमुने घेतो, ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) बागेतच रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतो, आम्लता प्रयोगशाळेतून येते आणि संध्याकाळच्या बैठकीत उद्या पहाटे कोणता प्लॉट तोडायचा हे ठरते. त्यासाठी मी एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर ब्रिक्स आणि उभ्या अक्षावर आम्लता घेऊन स्कॅटर आलेख काढतो. अडचण अशी की आलेखावर ४६ निळे ठिपके दिसतात, पण कोणता ठिपका कोणत्या प्लॉटचा हे कळत नाही आणि "तो उजवीकडे खाली बसलेला कोणाचा?" असे कोणी विचारले की मला पुन्हा तक्ता चाळत बसावे लागते.

एका मित्राने ठिपक्यांना नावे देणारे एक मोफत अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडायचा छोटा प्रोग्राम) मेलवर झिप करून पाठवले. झिप उघडून आतल्या फाइलवर दोनदा क्लिक केले, मॅक्रो चालू करू का असे विचारल्यावर होय म्हटले, वर नवा टॅब आला आणि काम फक्कड झाले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर टॅब नाही. मग अ‍ॅड-इन्सच्या खिडकीतून ब्राउझ करून तीच फाइल निवडली. यादीत नाव आले, टिकही आहे, तरी टॅब काही दिसत नाही. माझ्याकडे विंडोज १० आणि एक्सेल २०१६ आहे. माझे कुठे चुकते आहे, हे कृपया कोणी सांगेल का?

उत्तर : सातपूर_एमआयएस

आपल्या बाबतीत एकामागून एक दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या आहेत, त्यामुळे त्या वेगवेगळ्या समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट म्हणजे एक्सएलएएम फाइलवर, म्हणजे अ‍ॅड-इनच्या फाइलवर, दोनदा क्लिक करणे म्हणजे अ‍ॅड-इन बसवणे नव्हे. त्या क्लिकने ते फक्त त्या वेळेपुरते उघडते आणि एक्सेल बंद केले की त्याच्याबरोबर जाते. शिवाय झिपच्या आतून उघडलेली फाइल विंडोज एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून ठेवते, म्हणजे तिचा पत्ताही कायमचा नसतो.

दुसरी गोष्ट, टिक असूनही टॅब न दिसणे. इंटरनेटवरून किंवा मेलवरून आलेल्या फाइलला विंडोज "ही बाहेरून आली आहे" अशी एक अदृश्य खूण लावते आणि झिप सोडवली की तीच खूण आतल्या फाइलींनाही लागते. अशी खूण असलेले अ‍ॅड-इन एक्सेल कसलीही सूचना न देता गप्प बसवून ठेवते; चूक झाली असे कुठेही लिहून येत नाही, म्हणूनच माणूस तासभर टिक काढत आणि लावत बसतो. (मी स्वतः एक अख्खी दुपार अशी घालवली आहे.)

उपाय असा. एक्सेल पूर्ण बंद करावे. मूळ झिप फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे. जनरल या पानावर अगदी तळाशी अनब्लॉक अशी चौकट दिसेल, तिच्यात टिक करून ओके म्हणावे आणि त्यानंतरच झिप सोडवावी. आधी सोडवून मग झिपवरची खूण काढली, तर आतल्या फाइलीवरची खूण तशीच राहते. चौकट दिसलीच नाही, तर फाइलवर खूण नाही असे समजावे. मग सी ड्राइव्हवर एक साधा फोल्डर करून फाइल त्यात ठेवावी आणि पुन्हा तिथून हलवू नये, कारण एक्सेल तिचा पत्ता लक्षात ठेवते. डाउनलोड्समध्ये राहिलेले अ‍ॅड-इन पुढच्या साफसफाईत हमखास जाते. शेवटी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स या वाटेने खालच्या मॅनेज या रकान्यात एक्सेल अ‍ॅड-इन्स निवडून गो म्हणावे, जुन्या नावावरची टिक काढावी आणि ब्राउझ करून नव्या जागेची फाइल निवडावी.

एवढे करूनही टॅब आला नाही, तर त्याच मॅनेज रकान्यात डिसेबल्ड आयटम्स उघडून पाहावे. एक्सेल मध्येच बंद पडले असेल, तर संशयित अ‍ॅड-इन तिथे नेऊन ठेवलेले असते. आणि आपल्या ओळखीच्या माणसाने पाठवलेले असले, तरी ते मुळात कोणी लिहिले आहे हे पाहूनच खूण काढावी. मॅक्रो म्हणजे शेवटी आपल्या संगणकावर चालणारा प्रोग्रामच आहे.

उत्तर : पंचवटी_लेखापाल

वरील उत्तर बरोबर आहे, पण आपल्या कामाला अ‍ॅड-इन लागतेच का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. रॉब बोव्ही यांचा एक्सवाय चार्ट लेबलर हे याच कामाचे जुने आणि नावाजलेले मोफत अ‍ॅड-इन आहे, आणि एक्सेल २०१० पर्यंत त्याला सोपा पर्याय नव्हता. मात्र एक्सेल २०१३ पासून ही सोय आतच आलेली आहे. ठिपक्यांवर उजवे क्लिक करून डेटा लेबल्स जोडावीत, मग लेबलांवर उजवे क्लिक करून फॉरमॅट डेटा लेबल्स उघडावे, व्हॅल्यू फ्रॉम सेल्स या चौकटीत टिक करून प्लॉटच्या नावांचा रकाना निवडावा आणि वाय व्हॅल्यू ही टिक काढून टाकावी. दोन मिनिटांचे काम आहे.

एक अडचण मात्र सांगतो. हीच फाइल एक्सेल २०१० वर उघडली, तर नावांच्या जागी प्रत्येक ठिपक्याजवळ चौकटी कंसात सेलरेंज हा एकच शब्द येतो. त्यामुळे समोरच्याकडे जुने एक्सेल असेल, तर आलेखाची पीडीएफ किंवा चित्र पाठवावे.

दिंडोरी_बागा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झिप अनब्लॉक करून पुन्हा सोडवल्यावर टॅब आला आणि संगणक दोनदा बंद-चालू करूनही टिकून आहे. तरीही पंचवटीच्या मित्रांनी सांगितलेली आतली सोय वापरून पाहिली आणि तीच ठेवणार आहे, कारण आमच्या मुख्य कार्यालयातील संगणकावर खरोखरच २०१० आहे आणि तिथे बैठकीसाठी चित्रच जाते.

पण आज नवेच काहीतरी झाले. नावे बरोबर आली, मात्र आडव्या अक्षावर ब्रिक्सऐवजी १ ते ४६ असे आकडे आले आणि ठिपके तक्त्याच्या क्रमाने एका रांगेत उभे राहिले. कालपर्यंत हाच तक्ता नीट चालत होता.

उत्तर : सातपूर_एमआयएस

ब्रिक्सच्या रकान्यात कुठेतरी आकड्याऐवजी मजकूर शिरला आहे. स्कॅटर आलेखात आडव्या अक्षाच्या रकान्यात एकाही पेशीत मजकूर असला, तर एक्सेल त्या मालिकेचे सगळेच आकडे बाजूला ठेवून १, २, ३ असे क्रमांक घेते. रकान्यावर आधी काउंट आणि मग काउंटए हे सूत्र चालवून पाहावे. पहिले फक्त आकडे मोजते आणि दुसरे रिकामी नसलेली प्रत्येक पेशी. दोन उत्तरांत जेवढा फरक, तेवढे घुसखोर. डोळ्यांनी शोधायचे असल्यास आपण रकान्याला मुद्दाम संरेखन दिलेले नसेल तर आकडे पेशीत उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे.

दिंडोरी_बागा

काउंट ४५ आणि काउंटए ४६ आले. ३१ व्या ओळीत आमच्या मुलाने "२१.८ (दव होते)" असे लिहून ठेवले होते, दवात घेतलेला नमुना म्हणून शंका नोंदवणे योग्यच होते, फक्त जागा चुकली. त्यासाठी बाजूला शेरा असा वेगळा रकाना केला आहे आणि तो प्लॉट उद्या पुन्हा मोजणार आहोत.