"लिनक्सवर गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग": ह्याला उत्तर

कोथरूडकर:
परवा इथे एकांनी लिहिलं, "लिनक्सवर गेम खेळणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. विंडोज टाका आणि मोकळे व्हा." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

माझं मशीन २०१७ चं. आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, माझी सातवी. मग काय, धडधाकट मशीन भंगारात घालू? मिंट हे लिनक्स टाकलं, स्टीम ह्या गेमच्या दुकानात प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) चालू केलं, संपलं. एकही कमांड टाइप केली नाही. 'विचर ३' हा गेम आधी रडतखडत सेकंदाला ४० फ्रेम द्यायचा, आता ५५ च्या खाली येत नाही. ह्यात रिकामटेकडेपणा कुठे दिसला?

धायरी फाटा:
ते वाक्य माझं आहे आणि मी मागे घेत नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. 'व्हॅलोरंट' हा त्याचा गेम चालत नाही. 'एपेक्स'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं. तिसरा गेम लावला तर हिरवं 'प्ले' दाबलं की निळं 'स्टॉप' व्हायचं आणि चार सेकंदांत परत हिरवं. एरर नाही, काही नाही. रात्री दीडपर्यंत बसलो. पोरगं वाट बघून सोफ्यावरच झोपलं.

कोथरूडकर:
हे गेम अडतात अँटीचीटमुळे, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅममुळे. त्याचा दोष लिनक्सवर कशाला? ईझी अँटीचीट आणि बॅटलआय हे असे दोन्ही प्रोग्रॅम २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, गेम बनवणाऱ्याने परवानगी द्यायची असते. आणि तो तिसरा गेम कुठल्या ड्राइव्हवर होता?

धायरी फाटा:
दोष कुणाचा ह्याच्याशी भाच्याला काय करायचंय? त्याला खेळायला मिळालं नाही. आणि तुमचे ४० चे ५५ मला पटत नाहीत. प्रोटॉन डायरेक्टएक्सचं, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेचं, लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये भाषांतर करतो. भाषांतराने पंधरा फ्रेम वाढतात? अजून काय बदललंत ते सांगा.

सदाशिव पेठ ३०:
कॅबिनेट शेवटचं कधी साफ केलं होतं? आमच्यासमोरचा रस्ता दोन वर्षं खणलेला होता. गेल्या एप्रिलमध्ये प्रोसेसर ९८ डिग्रीला जाऊन अडखळायला लागला. कूलर काढला तर पंख्याखाली धुळीचा नमदा, बोटाने अख्खा सोलून निघाला. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट खडूसारखी भुकटी झालेली. साठ रुपयांचा ब्रश आणि नवी पेस्ट, थेट ७२. पुण्यात आधी धूळ बघा, ओएस नंतर.

कोथरूडकर:
एसएसडी बसवताना ब्लोअर मारला होता, हे खरं. आणि रॅमची दुसरी स्टिक घातली. २०१७ ला दुकानदाराने ८ जीबीची एकच काठी गळ्यात मारली. ड्युअल चॅनल (दोन स्टिक जोडीने चालवणं) हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. आठ वर्षं मी अर्ध्या बँडविड्थवर खेळलो, त्याचा राग अजून गेलेला नाही.

वारज्याचा असेंब्लीवाला:
दुकानदारांवर ढकलू नका. अकरा वर्षं हेच काम करतोय. दोन स्टिक सांगितल्या की गिऱ्हाईक म्हणतं "एकच द्या, दुसरी पुढे बघू", आणि ते पुढे कधी येत नाही. समोर बंद काच असलेलं, लाइटवालं कॅबिनेट हवं असतं. हवा आत कुठून जाणार? एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज देणाऱ्या डब्यात) हजार रुपये वाचवतात. मग गुरुवारी लाइट जाऊन झटक्यात आली की बोर्ड उडतो आणि शिव्या आम्हाला.

सदाशिव पेठ ३०:
"पुढे बघू" म्हणणाऱ्याला समजावणं हेच तर तुमचं काम. मला साडेचारशे वॉटचा लोकल एसएमपीएस नवीन कार्डासोबत तुमच्यासारख्यानेच दिला. सहा महिन्यांत धूर निघाला.

वारज्याचा असेंब्लीवाला:
"तुमच्यासारख्याने" म्हणजे? मी दिला होता का? बिल काढा आणि मग बोला. माझ्याकडून लोकल एसएमपीएस आजवर एकही गेलेला नाही.

सदाशिव पेठ ३०:
तो शब्द मागे घेतो. धूर मात्र खरा होता.

कोथरूडकर:
काल रात्री त्याच मशीनवर जुन्या हार्डडिस्कमधलं विंडोज १० चालवलं. 'विचर ३'चा तोच सेव्ह, त्यातल्या नोव्हिग्राड शहराचा बाजार, तीच सेटिंग्ज. विंडोजवर ५८, मिंटवर ५६. म्हणजे वाढ धूळ आणि रॅमची होती, प्रोटॉनची नाही. धायरी फाटा, एवढं तुमचं बरोबर. पण दोन फ्रेमसाठी मी सपोर्ट संपलेल्या विंडोजवर परत जाणार नाही. ड्राइव्हचं अजून सांगितलं नाहीत.

धायरी फाटा:
विंडोजचीच होती. एनटीएफएस फॉरमॅटची.

कोथरूडकर:
मग तेच. प्रोटॉन स्वतःच्या फोल्डरमध्ये 'सी:' नावाची लिंक बनवतो, आणि एनटीएफएसला नावात कोलन चालत नाही. गेम एक्सटी-फोर ह्या लिनक्सच्या फॉरमॅटच्या ड्राइव्हवर हलवा.

धायरी फाटा:
हलवला. सुरू झाला. पण हे मला दीड वाजता त्या स्क्रीनवर दिसायला हवं होतं, आज तुमच्याकडून नव्हे. 'व्हॅलोरंट'साठी विंडोज राहणारच आहे. उन्हाळ्यात भाचा परत येतोय.