चोर्ला घाटाच्या उतारासाठी सायकलचे ब्रेक: वायरचे की तेलाचे?

सत्तरीकर: पहिली एमटीबी (डोंगरी सायकल) घ्यायला गेलं की दुकानदार हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचा ब्रेक, गळ्यात मारतो. माझं म्हणणं, वायरने ओढला जाणारा डिस्क ब्रेकच घ्या. वायर तुटली तर केरीतही कोणीतरी बसवून देईल. तेल गळलं की पणजी नाहीतर मडगाव. वाचलेले पैसे चांगल्या टायरांवर घाला.

मांडवीकाठ: सत्तरीकरबाब, खारी हवा आणि पाऊस आधी वायरलाच खातात. आउटरच्या (वायरवरच्या नळीच्या) तोंडातून पाणी शिरतं, आत गंज धरतो, ब्रेकची लिव्हर दाबली की परत यायला कुरकुरते. शिवाय स्वस्त कॅलिपरमध्ये (डिस्कला पॅडांनी पकडणाऱ्या चिमट्यात) बाहेरचा एकच पॅड हलतो आणि डिस्क वाकवून आतल्या पॅडवर दाबतो. चिऱ्याच्या लाल चिखलात पॅड झरझर झिजतात. तेलाच्या ब्रेकात पॅड ढकलणारा पिस्टन आपोआप पुढे सरकतो, वायरच्यात अंतर हाताने जुळवा.

सत्तरीकर: आतला पॅड ॲलन कीने (षटकोनी चावीने) पुढे घ्यायला पाच मिनिटं पुरतात. स्टेनलेस वायर घाला, पावसाआधी आउटर बदला, झालं. तुमच्या तेलाच्या ब्रेकाचं चाक काढून सायकल गाडीत टाकली आणि पोराने लिव्हर दाबली, की पॅड एकमेकांना चिकटले. मग डिस्क आत कशी घालणार?

मांडवीकाठ: पॅड काढा, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) पिस्टन मागे सारा. चाक काढतानाच पॅडांत दुमडलेला पुठ्ठा ठेवला तर तेही नको. तेल मात्र कंपनी सांगेल तेच. शिमानो कंपनीच्या ब्रेकात मिनरल ऑइल जातं, त्यात डॉट (दुसऱ्या जातीचं ब्रेक तेल) घातलं तर सील फुगून ब्रेक बाद. डॉट हवेतला ओलावाही ओढतं, म्हणून आपल्याकडे मिनरलवाला ब्रेक बरा.

फोंडेकार: भांडण वायरचं, पण पावसात खरा फरक पॅड पाडतो. रेझिन (राळेत बांधलेले) पॅड आवाज कमी करतात, पण चिखलात लवकर संपतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) टिकतात, फक्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं नाही ना ते बघा. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, चाक लॉक होऊ देऊ नका. वजनदार माणसाला पुढे १६० ऐवजी १८० मिमीची डिस्क, तीही फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागी दांडा) झेपवत असेल तरच.

आणि पोराला वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका! दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर वरच्या नळीपासून निदान ५ सेंमी मोकळं हवं. बसून टाच पेडलवर, पेडल खाली, पाय सरळ: ही सीटची उंची. ब्रेकच्या लिव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून लिव्हर एका बोटाच्या पेराखाली आणा. बोट पोचत नसेल तर कुठलाही ब्रेक निकामीच.

सत्तरीकर: स्क्रूचं पटलं. तेलाचं नाही.