अनुभव धागा: इंग्लंडमधल्या जुन्या गल्ल्या आणि तिथे कानावर पडलेलं

इंग्लंडात राहणाऱ्या, राहून आलेल्या किंवा कामानिमित्त तिथे मुक्काम पडलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. किल्ले, कॅथेड्रल, राजवाडे यांवर भरपूर लिहून झालंय. मला हवी आहे ती गल्ली. तिथे पूर्वी काय चालायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय सांगितलं, तुम्ही स्वतः काय पाहिलंत? जुनी माणसं एकेक करून चालली आहेत, घरं विकली जाताहेत. ऐकलेलं लिहून ठेवू या. चार ओळी असल्या तरी चालतील. सुरुवात मीच करते.

ॲश्टन-अंडर-लाइन

मँचेस्टरजवळचं हे गिरणगाव. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, दार उघडलं की थेट फुटपाथ. शेजारच्या आजींचा जन्म याच गल्लीतला, आई कापडगिरणीत. माझी नर्सिंगची रात्रपाळी संपवून मी सकाळी परतायचे तेव्हा त्या दारातच उभ्या असायच्या, मग चहा आणि गप्पा.

त्यांच्या बोलण्यात पायरीचा विषय हटकून निघायचा. दारापुढची दगडी पायरी आधी घासूनपुसून घ्यायची आणि मग ओली असतानाच डाँकी स्टोन नावाच्या दगडाने तिची कड रंगवायची, पांढरी नाहीतर पिवळसर. ज्या घराची पायरी मळकी, त्या घरच्या बाईला गल्ली नावं ठेवायची. दगडाला पैसे पडत नसत. भंगारवाला घोडागाडी घेऊन यायचा, त्याला जुने कपडे द्यायचे, बदल्यात तो दगड द्यायचा. मी त्यांना आमच्याकडे साड्या घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तुमच्या आईचं आणि माझ्या आईचं छान जमलं असतं!"

हे दगड बनायचे ॲश्टनमध्येच, ईलाय व्हॅली यांच्या कारखान्यात. दगडाची पूड, सिमेंट आणि ब्लीच कालवून वड्या पाडायच्या, वर सिंहाचा छाप. 1979 मध्ये तो कारखाना बंद झाला. आजींनी एक वडी जपून ठेवली होती. माझ्या हातावर ठेवली तेव्हा बोटांना खडूसारखी भुकटी लागली. झिजून झिजून सिंहाची शेपटी तेवढी उरली होती.

त्यांच्या आजीच्या काळी पहाटे एक माणूस लांब काठी घेऊन फिरायचा आणि काठीच्या टोकाच्या तारांनी वरच्या खिडकीची काच वाजवून गिरणीवाल्यांना उठवायचा. दर आठवड्याला काही पेनी ही त्याची कमाई. वर्षातून एकदा 'वेक्स वीक'ला सगळ्या गिरण्या बंद, की अख्खी गल्ली ब्लॅकपूलला. धुराडी थंडावल्यामुळे त्या आठवड्यात लांबचे डोंगर स्वच्छ दिसायचे. हे सांगताना त्या दरवेळी त्या दिशेला हात करायच्या.

बाथ

वरचं वाचून एक सुचवावंसं वाटतं. इंग्लंडात कुठल्याही जुन्या रस्त्यावर घरापुढची बुटकी भिंत नीट बघा. वरच्या दगडात ओळीने लोखंडाची कापलेली टोकं दिसतील. दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी कठडे कापून नेले, त्या खुणा. आमच्याकडे बाथमध्ये काही दारांशेजारी लोखंडी शंकूही टिकून आहेत. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा मशाल घेऊन वाट दाखवणारी पोरं असत. माणूस घरी पोचला की त्या शंकूत मशाल खुपसून विझवायची.

आणि बुजवलेल्या खिडक्या! 1696 ते 1851 इथे खिडक्यांवर कर होता, म्हणून लोकांनी त्या विटांनी बंद केल्या. मात्र प्रत्येक बंद खिडकी करामुळेच बंद झालेली नाही. काही मुळातच घराची दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून तशा बांधल्यात.

यॉर्क

शॅम्बल्सबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण शिकत असताना तिथल्या एका दुकानात मी शनिवार-रविवार काम करत होतो. आज तिथे पर्यटकांची रीघ असते, पण शेकडो वर्षं ती खाटकांची गल्ली होती. 1872 मध्येही तिथे खाटकांची 25 दुकानं होती. आता एकही नाही. दुकानांच्या खिडक्यांपुढे रुंद लाकडी फळ्या आहेत, त्यांवर मांस मांडायचे. वर पाहिलंत तर आकडे दिसतील, ते मांस टांगायचे. फुटपाथ दोन्ही बाजूंनी उंच, मधला रस्ता खोलगट. कापाकापीचं रक्त आणि घाण पाण्याने त्यातूनच वाहून न्यायचे. वरचे मजले इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावा. त्यामुळे मालावर ऊन पडत नसे.

याच गल्लीतल्या एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिथरो. कॅथलिक धर्मगुरूंना घरात लपवल्याचा तिच्यावर आरोप होता. खटला उभा राहिला तर मुलांना आईविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती, म्हणून तिने आरोपावर उत्तरच दिलं नाही. त्याची शिक्षा म्हणून 1586 मध्ये ऊझ नदीच्या पुलावर तिला अंगावर दार ठेवून, त्यावर दगड रचून चिरडून मारलं. 1970 मध्ये तिला संतपद मिळालं. शॅम्बल्समध्ये तिचं प्रार्थनास्थळ आहे. तिचं खरं घर समोरच्या बाजूला असावं असं पुढच्या संशोधनातून दिसलं, पण लोक याच खोलीत येऊन मेणबत्ती लावतात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

कॉव्हेंट्री

गाड्यांच्या डिझाइनच्या कामासाठी आम्ही इथे आलो. आल्या आल्या जो तो एकच सांगतो, 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी शहर उद्ध्वस्त केलं. खरंच आहे ते. बॉम्बवर्षाव रात्रभर चालला, साडेपाचशेहून अधिक माणसं गेली, सेंट मायकेल कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला.

पण आमच्या घरमालकांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. कॅथेड्रलजवळ बुचर रो नावाची मध्ययुगीन गल्ली होती, लाकडी सांगाड्याच्या घरांची. ती जर्मनांनी पाडली नाही. ती नगरपालिकेने 1936 मध्ये पाडली, नवा रुंद ट्रिनिटी स्ट्रीट काढण्यासाठी. त्यांच्या वडिलांनी ती पाडताना पाहिली होती. चार वर्षांनी बॉम्ब पडले आणि सगळा दोष बॉम्बच्या खात्यावर गेला, असं ते पोटतिडकीने सांगायचे. मला ते पटतं. जुन्या वस्त्या पाडताना "गर्दी फार, रस्ता अरुंद" हेच कारण सगळीकडे दिलं जातं, आणि त्यात तथ्यही असतं, पण गेलेलं परत येत नाही.

उरलंय त्यासाठी स्पॉन स्ट्रीटला जा. शहरात इतरत्र तग धरून राहिलेली काही जुनी घरं 1970 च्या दशकात सुटी करून इथे पुन्हा उभी केली. ते करता आलं, कारण ही घरं मुळात सुट्या भागांचीच. सुतार आधी आपल्या आवारात सांगाडा जुळवून बघायचा, प्रत्येक जोडावर खुणा कोरायचा, मग जागेवर नेऊन लाकडी खुंट्या ठोकून उभा करायचा. अशा घरांच्या ओकच्या तुळयांवर, सांध्यापाशी, रोमन आकड्यांसारखे पटाशीने मारलेले चरे सापडतात. बोट फिरवलं की लागतात.

लंडन

आपल्या माणसांच्या दोन गल्ल्या इथे नोंदवतो. मेडा व्हेलमधली हाऊली प्लेस, घर क्रमांक 10. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी आलेले लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये तिथे राहिले, पाटी लावलेली आहे. दुसरं, प्रिमरोज हिलजवळ 10 किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर घेतलं, आता तिथे स्मारक आहे. नागपूरहून आलेल्या काकांना घेऊन गेलो, तर ते आत जाण्याआधी कितीतरी वेळ समोरच्या फुटपाथवरून घर न्याहाळत उभे होते.

लेस्टर

माझी गल्ली मध्ययुगीन नाही, पण इतिहास तिलाही आहे. बेलग्रेव्ह रोडच्या मागची गिरणी कामगारांची घरं, मधून जाणारे अरुंद बोळ. इथले लोक त्यांना 'जिटी' म्हणतात. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने 'युगांडा आर्गस' या तिथल्या पेपरात जाहिरात दिली: स्वतःच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. तरीही हजारो आले. समोरच्या गुजराती बा सांगतात, सुटकेसमध्ये उन्हाळी कपडे, बाहेर थंडी, आणि शेजारच्या इंग्रज बाईंनी न विचारता आणून दिलेले कोट.

त्यांचे यजमान इम्पीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यात होते. 1974 मध्ये तिथल्या आशियाई कामगारांनी वेतनातल्या भेदभावाविरुद्ध संप केला आणि युनियनने साथ दिली नाही. हा भाग बा हळू आवाजात सांगत नाहीत, चांगल्या ठणकावून सांगतात. आज बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीच्या रोषणाईला हजारो माणसं होतात. आम्ही मराठी मंडळीही तिथेच आकाशकंदील घेऊन फिरतो.

नॉर्विच

कॉव्हेंट्रीचं वाचून नॉर्विचचं लिहायलाच हवं. एल्म हिल ही दगडगोट्यांची गल्ली 1507 च्या आगीत जळाली. वाचलं ते एकच घर, ब्रिटन्स आर्म्स, आजही गवताने शाकारलेलं. बाकीची घरं नंतर पुन्हा बांधली. 1920 च्या दशकात तिथे दाटीवाटीची गरीब वस्ती होती आणि नगरपालिकेला ती पाडायची होती. 1923 मध्ये स्थापन झालेली नॉर्विच सोसायटी आडवी आली, आणि शेवटी एका मताच्या फरकाने गल्ली वाचली. जिच्यावरून गल्लीला नाव पडलं ती एल्मची झाडं मात्र रोगाने गेली. आता तिथे लंडन प्लेनचं झाड आहे.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचे आजोबा त्या वस्तीत वाढले. सात भावंडं, दोन खोल्या, नळ अंगणात, तोही चार घरांत मिळून. पाडायला निघालेल्यांचं सगळंच चुकीचं होतं असं त्या मानत नाहीत. माणसांना चांगली घरं द्यायलाच हवी होती, ती गल्ली ठेवूनही देता आली, एवढंच त्यांचं म्हणणं. आजोबांच्या आठवणी त्यांनी वहीत उतरवल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन काही पानं इथे मराठीत टाकीन.