निन्ह बिन्ह: आईबाबांना झेपेल का?

मुग्धा_ठाणे:
मेअखेरीस आईबाबांना घेऊन व्हिएतनामला, हनोईला चाललेय. बाबांना समुद्रात बोट लागते, म्हणून हालाँगच्या उपसागराऐवजी हनोईच्या दक्षिणेला निन्ह बिन्हला दोन मुक्काम करावेत असं डोक्यात आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात. आई माळकरी, मासळीचा वासही चालत नाही. तिथल्या बोटफेऱ्यांपैकी त्रांग आन की ताम कोक, एकच करायचं तर कोणतं?

हनोईकर_सध्या:
मेअखेर म्हणजे डोळे झाकून ताम कोक! न्गो डोंग नदीच्या दोन्ही अंगांना भात पिवळा होऊन कापणीला आलेला असतो. नदी संथ, बोट लागायचा प्रश्न नाही. वल्हवणाऱ्या बाया मागे रेलून चक्क पायांनी वल्हं मारतात, हात छत्रीला मोकळे. सातलाच धक्का गाठा. नंतर ऊन मी म्हणतं आणि सावली काय ती तीन गुहांत. त्रांग आनही देखणं आहे, 2014 पासून जागतिक वारसा आहे, पण अडीच-तीन तास बाकावर पाय दुमडून बाबा वैतागतील. हांग मुआच्या टेकडीच्या पाचेकशे पायऱ्या तुम्ही चढा, बाबांना खाली कॉफी पाजा.

आता जेवण. इथली शान म्हणजे डोंगरी बोकड: लिंबू पिळलेलं मटण, हिरवं केळं, कमरख, पाला, सगळं तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळायचं. आईंसाठी ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी असं सांगा, पण तेवढ्यावर विसंबू नका. नुओक माम, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं पाणी, साध्या परतलेल्या पालेभाजीतही पडतं. भाताची खरवड वाळवून तळतात, ती फर्मास लागते. मात्र पाकिटातलीवर बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा भुगा असतो. नीट बघून घ्या.

रानवाट:
दुसऱ्या दिवशी वान लाँगची पाणथळ करा. बांबूची होडी, गर्दी कमी. कड्यांवर डेलाकूर लंगूर दिसू शकतात: अंग काळं, खाली पांढरी चड्डी घातल्यासारखे. दुर्बीण हवीच. कुक फुआंग हे व्हिएतनामचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1962 चं. पण पाऊस झाला असेल तर जळवा असतात, आईंना नेऊ नका.

जुनाट_माणूस:
होआ लू कुणी सांगेना! 968 पासून 1010 पर्यंत व्हिएतनामची राजधानी होती तिथे. तट-वाडे शोधू नका, आहेत ती देवळं नंतरची. चालणं थोडं, बाबांना जमेल.

मुग्धा_ठाणे:
वा! हनोईहून ट्रेन की गाडी?

हनोईकर_सध्या:
ट्रेन. दोन-सव्वादोन तास, पाय मोकळे करता येतात. आणि होमस्टेत नुसता पांढरा भात कुठेही मिळतो, मेतकूट तेवढं घरून आणा.