रांगेत उभे राहता येत नाही, पण तसे दिसतही नाही : उद्यानांनी सवलत द्यावी का?

गंगापूररोडकर : माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे. एरवी पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मात्र अंग तापले की तिच्या पायांतला जोर जातो आणि नजर धूसर होते. मे महिन्यात मुलांच्या हट्टापायी आम्ही नाशिकहून पहाटे निघून, कसारा घाट उतरून एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो. पहिल्याच पाळण्याला पत्र्याखाली पाऊण तासाची रांग होती. मी व मुले उभे राहतो, नंबर आला की ती येऊन मिळेल, एवढीच विनंती मी केली आणि तिचे युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रही दाखवले. कर्मचाऱ्याने कार्डाकडे न पाहता तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम तर ठणठणीत आहेत." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत हा आजार नावानिशी आहे.

सिडकोवासी : आपली अडचण खरी आहे, परंतु त्या कर्मचाऱ्याने ती ओळखावी कशी? आपल्याकडे ओळख, चिठ्ठी आणि पास यांवर रांग मोडण्याची सवय एवढी मुरलेली आहे की, उद्या निम्मी रांग आजारी निघेल. अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांना 2013 साली दिव्यांगांसाठीची जुनी सवलत गैरवापरामुळेच बंद करावी लागली होती. मागे कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईलाही ऊन लागतेच.

पंचवटीकर : डिस्नेची गोष्ट अर्धीच सांगितलीत. सवलत बंद झाली नाही, बदलली. रांग जेवढ्या वेळाची असेल तेवढा वेळ बाहेर थांबून परत यायचे, अशी सोय झाली. यात कोणाचाही नंबर मागे जात नाही. मात्र 2024 मध्ये त्यांनी ही सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणींपुरती मर्यादित केली, तेव्हा गंगापूररोडकरांच्या पत्नीसारखी माणसे नेमकी बाहेर पडली. गैरवापर रोखताना गरजू गळतात ते असे.

इंदिरानगरची आई : माझा मुलगा स्वमग्न आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 साली सुरू झालेली, न दिसणारे अपंगत्व ओळखता यावे म्हणून गळ्यात घालायची सूर्यफुलाची गळपट्टी येथेही आणा, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. सहलीच्या दिवशी तरी त्याच्या गळ्यात डॉक्टरांचे निदान लटकवायची माझी इच्छा नाही. (कार्ड पर्समध्ये असते, तेवढे पुरे.)

सिडकोवासी : टोकन घेऊन बाहेर थांबण्यास माझी हरकत नाही, हे मान्य करतो. प्रश्न संख्येचा आहे. एका कार्डावर सोबत आलेले दहा नातेवाईकही सावलीत बसणार असतील, तर उरलेल्यांनी काय करावे?

गंगापूररोडकर : आम्ही चौघे होतो. तिघे पत्र्याखाली उभे राहायला तयार होतो. शेवटी ती उपाहारगृहात पंख्याखाली बसून राहिली आणि धाकटी दर पाळण्यानंतर धावत जाऊन तिला पाळणा कसा वाटला ते सांगून येत होती.